टेलगेट उघडलं की टंग जॅकवर आपटतं: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

लक्षणं

टेलगेट म्हणजे पिकअपच्या मागचं खाली उघडणारं फाटक. टंग म्हणजे ट्रेलरचं पुढचं, ट्रकला जोडायचं नाक, आणि टंग जॅक म्हणजे ते नाक उचलायला तिथे उभा बसवलेला जॅक. त्याच्या वरच्या टोकाला मी डोकं म्हणतो. तुमचा त्रास हाच आहे का, ते आधी ताडून पाहा.

- ट्रॅव्हल ट्रेलर (आत राहायची सोय असलेला ट्रेलर) जोडलेला असताना पिकअपचं टेलगेट पूर्ण आडवं होत नाही, मध्येच जॅकच्या डोक्यावर टेकतं.
- घरच्या ड्राइव्हवेत टेलगेट नीट उघडतं, कॅम्पग्राउंडवर मात्र अडतं. किंवा एका साइटवर उघडतं, दुसऱ्या साइटवर नाही.
- टेलगेटच्या बाहेरच्या पत्र्याला मधोमध, हँडल किंवा कॅमेऱ्याच्या आसपास पोचा पडलाय.
- इलेक्ट्रिक जॅकच्या डोक्याचं प्लास्टिक तडकलंय, वरची रबरी टोपी गायब आहे.
- खिशातल्या किल्लीचं बटण दाबलं गेलं आणि टेलगेट आपोआप जॅकवर पडलं.
- जोडणी करताना बॉल (ट्रकच्या मागचा जोडणीचा गोळा) दिसावा म्हणून टेलगेट उघडं ठेवून ट्रक मागे घेतला आणि कपलर (ट्रेलरच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) बॉलवर यायच्या आतच ठोकर बसली.

माझ्या स्वतःच्या ट्रेलरवर आणि इथे अमेरिकेत ट्रेलर ओढणाऱ्या ओळखीच्या मराठी कुटुंबांच्या ट्रेलरवर हा दोष मी वारंवार दुरुस्त केला आहे. ट्रक बदलला की तो हमखास उगवतो. ट्रेलर तोच असतो, जॅक तोच असतो, पण नव्या ट्रकचं टेलगेट खालपासून वरच्या काठापर्यंत दोन-तीन इंचांनी मोठं निघतं. खर्चाच्या उपायाकडे धावण्याआधी पुढचा भाग वाचा, कारण बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात.

जॅक वर-खाली करून का भागत नाही

सगळ्यात आधी सुचतं ते हे की जॅक आणखी आत घ्यावा, म्हणजे डोकं खाली जाईल. तसं होत नाही. ए-फ्रेमवरच्या (ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावरच्या) जॅकची बाहेरची नळी फ्रेमला बोल्टने पक्की बसवलेली असते. बटण दाबलं किंवा दांडा फिरवला की फक्त आतली नळी आणि तिचा पाय हलतो. डोकं फ्रेमपासून जितकं उंच आहे तितकंच राहतं.

ट्रेलर सुटा असताना जॅक खाली घेतला तर ट्रेलरचं सगळं नाक खाली येतं, त्यामुळे डोकंही खाली आल्यासारखं दिसतं. पण कपलर बॉलवर बसून कुलूपबंद झाला की ट्रक आणि ट्रेलरचं नाक एकत्रच वर-खाली होतात. पाय जमिनीला टेकवून जॅकने सांधा तीनेक इंच उचलला, तर ट्रक आणि ट्रेलर यांच्यातला कोन थोडा बदलतो आणि डोकं ट्रकपासून अर्धा-पाऊण इंच लांब जातं. अगदी काठावर अडत असेल तर सपाट जागेवर, चाकांना चॉक (चाक अडवायचे ठोकळे) लावून, एवढी युक्ती पुरते. त्याहून जास्त तिच्याकडून मागू नका.

दुसरा गैरसमज महागात पडतो. डोकं दोन इंच खाली गेलं की दोन इंच जागा मिळेल, असं वाटतं. टेलगेटचा वरचा काठ बिजागराभोवती वर्तुळात फिरतो. समजा बिजागरापासून त्या काठापर्यंत २२ इंच आहेत आणि जॅकचं डोकं बिजागराच्या पातळीपेक्षा ६ इंच उंच आहे. त्या उंचीवर टेलगेटची पोहोच सुमारे २१.२ इंच भरते. पूर्ण आडव्या टेलगेटची पोहोच २२. म्हणजे सहा इंचांच्या उंचीने आडव्या अंतरात एक इंचाचाही फरक पडत नाही.

म्हणून डोकं एक तर आडव्या टेलगेटच्या खाली राहिलं पाहिजे, नाही तर त्याच्या पोहोचीच्या पलीकडे. अधलंमधलं काही उपयोगाचं नाही. डोकं कापून चार इंच खाली आणलं आणि तरी ते टेलगेटच्या पातळीच्या वरच राहिलं, तर चार इंच फुकट गेले. पुढचा प्रत्येक उपाय याच कसोटीवर घासून पाहा: याने डोकं खाली जाईल की पलीकडे?

१. आधी मोजा (खर्च शून्य)

टेप, पाणसळ आणि ओळंबा एवढं पुरतं. ओळंबा नसेल तर दोऱ्याला नट बांधा. ट्रेलर जोडलेला, ट्रक-ट्रेलर एका रेषेत, जमीन सपाट, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (टंगचं वजन ट्रक-ट्रेलरच्या चाकांवर वाटणारी जोडणी) असेल तर तिचे ताण देणारे दांडे, म्हणजे स्प्रिंग बार, चढवलेले. प्रवासाला निघताना जशी स्थिती असते तशीच. सुट्या ट्रेलरवर घेतलेली मापं फसवतात.

टेलगेट बंद ठेवूनच चार मापं घ्या:

- बिजागराच्या मध्यापासून टेलगेटच्या वरच्या काठापर्यंत. ही पोहोच.
- बिजागरापासून जॅकच्या डोक्याच्या ट्रककडच्या बाजूपर्यंतचं आडवं अंतर. इथे ओळंबा लागतो, कारण दोन्ही ठिकाणं वेगवेगळ्या उंचीवर आहेत.
- जमिनीपासून बिजागरापर्यंत आणि जमिनीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंतची उंची.
- बॉलच्या मध्यापासून जॅकच्या नळीच्या मध्यापर्यंत.

डोक्याचा माथा आडव्या टेलगेटच्या खालच्या पत्र्यापेक्षा दोन इंच तरी खाली असेल, तर तुमचा अडथळा जॅक नाही. हँडलचा किंवा कॅमेऱ्याचा फुगवटा, हिचचं डोकं किंवा जॅकचा दांडा तपासा. माथा वर असेल तर दुसरं माप पहिल्यापेक्षा मोठं हवं. किती मोठं, ते चौथं माप सांगतं.

जॅक बॉलच्या मागे असतो, त्यामुळे ट्रेलर वळला की तो बॉलभोवती फिरत टेलगेटच्या जवळ येतो. बॉल ते जॅक १२ इंच धरा. ३० अंशांच्या वळणात डोकं सुमारे १.६ इंच जवळ येतं, ४५ अंशांत साडेतीन इंच. टेलगेट रुंद असल्यामुळे डोकं बाजूला सरकलं तरी ते आडवं येतंच. घरी उघडतं आणि कॅम्पग्राउंडवर अडतं, याचं उत्तर बहुधा इथेच असतं. घरी गाडी सरळ उभी असते, बॅक-इन साइटवर, म्हणजे ट्रेलर मागे घेत आत न्यावा लागतो तिथे, ट्रेलर आत आणि ट्रक तिरका.

चढाचाही असाच परिणाम होतो. साइट मागच्या बाजूला चढती असेल तर ट्रेलरचं नाक ट्रककडे झुकतं. डोकं बॉलपासून २० इंच उंच असेल आणि ट्रक-ट्रेलरमध्ये पाच अंशांचा कोन पडला, तर माथा पावणेदोन इंच पुढे येतो. वळण आणि चढ एकत्र आले की घरी मोजलेली तीन इंचांची मोकळीक सहज संपते.

२. काढता येतं ते काढा (खर्च जवळजवळ शून्य)

हाताने फिरवायचा जॅक असेल तर दांडा काम झाल्यावर काढून ठेवा किंवा ट्रेलरच्या दिशेने वळवून अडकवा. इलेक्ट्रिक जॅकचा आणीबाणीचा दांडा डोक्यावर तसाच राहिला असेल तर तो काढा आणि रबरी टोपी परत लावा. ती गेली की पाणी थेट आत उतरतं. पावसापासून वाचवायला घातलेलं जाड कव्हरही एखादा इंच खातं. काठावरच्या मापात हा एक इंच मोलाचा असतो.

किल्लीच्या बटणाने टेलगेट पडत असेल तर ट्रकचं मॅन्युअल काढा. बऱ्याच मॉडेलमध्ये ही सोय सेटिंगमधून बंद ठेवता येते. ट्रेलर जोडला की ती बंद, हा नियम घरात सगळ्यांसाठी करा, कारण किल्ली नेहमी तुमच्याच खिशात नसते.

डोक्यावर फोमचा तुकडा बांधला तर ओरखडा टळतो आणि अडथळा डोळ्यांना दिसतो. वरून सोडलेलं टेलगेट मात्र फोमने थांबत नाही. टेलगेट हाताने धरूनच खाली आणा.

३. उभं राहण्याची आणि सामान काढण्याची पद्धत

याला पैसे लागत नाहीत आणि निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच संपतात. साइटवर ट्रेलर आत गेला की ट्रक पुढे घेऊन ट्रेलरच्या रेषेत आणा, मग टेलगेटला हात लावा. ते जमण्यासारखं नसेल तर ट्रेलर सोडवा, ट्रक दोन-तीन फूट पुढे घ्या आणि मग उघडा.

यलोस्टोनसारख्या अस्वलांच्या प्रदेशात हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. तिथे कूलर आणि खाण्याचं सामान पिकअपच्या उघड्या हौद्यात ठेवून चालत नाही. ते बंद गाडीत, पक्क्या भिंतींच्या ट्रेलरमध्ये किंवा अस्वलरोधक पेटीत जावं लागतं. म्हणजे पोचल्या पोचल्या, बहुतेकदा अंधारात आणि थकलेले असताना, टेलगेट उघडायची वेळ येते. त्यापेक्षा निघतानाच कूलर ट्रेलरमध्ये किंवा ट्रकच्या मागच्या सीटवर ठेवा.

जोडणीसाठी मागे येताना टेलगेट बंदच हवं. त्या वेळी कपलर बॉलच्या वर उचललेला असतो, म्हणजे जॅकचं डोकं नेहमीपेक्षा उंच असतं. शिवाय कॅमेरा टेलगेटमध्ये असेल तर टेलगेट उघडल्यावर तो जमिनीकडे बघतो.

ज्यांना हौद्यातून सतत काही काढायचं नसतं, त्यांनी लांबच्या प्रवासात टेलगेट काढून ठेवलं तरी चालतं. जुन्या, साध्या टेलगेटच्या केबल सोडवून, ते अर्ध्यावर धरून एका बाजूने उचललं की निघतं. कॅमेरा किंवा पॉवर लॉक असेल तर आधी वायरचा जोड सोडवा. वजन बरंच असतं, दोघांनी उचला.

दुहेरी टेलगेट असलेल्यांसाठी थोडं वेगळं. जीएमसी सिएराला २०१९ च्या मॉडेलपासून मल्टिप्रो आणि शेव्हरोले सिल्व्हराडोला २०२१ पासून मल्टिफ्लेक्स टेलगेट मिळतं. त्यातलं आतलं छोटं फाटक पूर्ण खाली दुमडतं आणि बॉल माउंटवर (बॉल ज्यावर बसतो त्या दांड्यावर) किंवा जॅकवर आदळू शकतं. दोन बटणांपैकी कोणतं कशाचं, हे घरच्या सगळ्यांना दाखवून ठेवा. रॅमचं ६०-४० टेलगेट दारांसारखं बाजूलाही उघडतं. त्यातला रुंद भाग मागे बराच लांब येतो, तेव्हा त्याचं माप वेगळं घ्या.

४. डोकं फिरवा (एक पाना, एक तास)

बऱ्याच इलेक्ट्रिक जॅकचं डोकं नळीच्या एका बाजूला जास्त पुढे आलेलं असतं. ती बाजू ट्रककडे असेल तर ती ट्रेलरकडे वळवून दोन-तीन इंच मिळू शकतात, आणि तेही पलीकडच्या दिशेने, म्हणजे जिथे खरोखर उपयोग आहे तिथे. जॅक सहसा तीन बोल्टवर बसतो आणि तिन्ही छिद्रं १२० अंशांवर असतात, त्यामुळे तो तीनपैकी कोणत्याही दिशेला बसवता येतो.

हे काम सोपं आहे, पण एक गोष्ट जिवाची आहे. ट्रेलरचं नाक जॅकवर उभं असतं तेव्हा ते वजन त्या तीन बोल्टवर लटकलेलं असतं. ट्रॅव्हल ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार टंगवर येतो. ७,००० पौंडांच्या ट्रेलरला तो ७०० ते १,०५० पौंड भरतो. जॅकवर भार असताना बोल्ट सैल केले तर एवढं लोखंड पायावर येईल. म्हणून क्रम असा: जमीन सपाट, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी चॉक, ट्रकचा पार्किंग ब्रेक, कपलर बॉलवर बसवून लॅच आणि पिन, सेफ्टी चेन लावलेल्या, स्प्रिंग बार उतरवलेले, मग जॅक आत घेऊन पाय जमिनीपासून पूर्ण सुटा. त्यानंतर ट्रेलरच्या बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि मगच बोल्टला पाना लावा. बोल्ट बहुतेक ३/८ इंची असतात, त्याला ९/१६ चा पाना लागतो.

फिरवण्याआधी मागे पाहा. प्रोपेनच्या सिलिंडरचं कव्हर जॅकच्या पाठीशीच असतं. डोकं तिकडे वळवल्यावर ते कव्हर वर निघतंय का? जॅकची बटणं हाताला येतात का? वायरला ढील आहे का? यातलं एक जरी अडलं तरी ती दिशा सोडून तिसरी दिशा पाहा.

बोल्ट परत लावताना दातेरी वॉशर विसरू नका. अनेक इलेक्ट्रिक जॅकचं अर्थिंग याच बोल्टमधून फ्रेमला जातं आणि दातेरी वॉशर रंग खरवडून धातूला धातू मिळवतो. तो राहिला किंवा त्याखाली नवा रंग आला, की जॅक रडतखडत चालतो आणि लोक मोटर गेली असं समजतात. फिरवल्यानंतर जॅक मंद झाला तर आधी इथला रंग घासा, मग बॅटरीजवळचा फ्यूज पाहा. तो बहुधा ३० अँपिअरचा असतो. जळलेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज कधीही घालू नका.

५. बुटका जॅक बसवा

इथून खरा खर्च सुरू होतो. डोकं ठेंगणं असलेले इलेक्ट्रिक जॅक मिळतात, आणि बाजूने दांडा फिरवायचे हाताचे जॅकही. विकत घेण्याआधी त्याची फ्रेमवरची उंची तुमच्या मापांशी ताडा. नवा माथा आडव्या टेलगेटच्या खाली जात नसेल आणि डोकं आधीच्यापेक्षा अरुंदही नसेल, तर तो घेऊ नका. दुकानदार बुटका म्हणतो म्हणून तो तुमच्या ट्रकला बुटका ठरत नाही.

ताकद आणि उचल कमी करू नका. ट्रॅव्हल ट्रेलरवर ३,५०० पौंडांचे आणि १८ इंच उचलीचे इलेक्ट्रिक जॅक सर्रास दिसतात. टंगचं वजन त्याहून बरंच कमी असतं हे खरं, पण स्प्रिंग बार चढवताना जॅक ट्रकची मागची बाजूही उचलत असतो. उचल कमी पडली तर पायाखाली ठोकळ्यांचा ढीग लागतो, आणि उंच ढिगावर उभा केलेला ट्रेलर धोकादायक असतो. बोटींच्या ट्रेलरवर असतो तसा बाजूला वळणारा हलका जॅक इथे चालणार नाही. त्यातले पुष्कळ जॅक एवढ्या भारासाठी केलेलेच नसतात.

अदलाबदलीची पद्धत डोकं फिरवण्यासारखीच. फक्त जुन्या जॅकचा पाय पिन काढून आधी सोडवा, कारण तो फ्रेमच्या भोकातून वर येत नाही. नवा जॅक घेताना त्या भोकाचा व्यासही मोजा.

६. लांब शँक: विचार करून

शँक म्हणजे हिचचा तो दांडा जो ट्रकच्या मागच्या चौकोनी नळीत, म्हणजे रिसीव्हरमध्ये, जातो. तो लांब घेऊन बॉल ट्रकपासून लांब नेला की जॅकही लांब जातो, म्हणजे हा खराच पलीकडचा उपाय आहे. पण बॉल मागच्या ॲक्सलपासून जितका दूर, तितकी ट्रेलरच्या डोलण्याला ट्रक हलवायला तरफ जास्त मिळते, आणि तेच टंगचं वजन रिसीव्हरला जास्त पिळतं. त्यामुळे दोन-तीन इंच लांब शँक घ्यायचा असेल तर तुमच्याच हिचच्या कंपनीचा, तुमच्या भाराला मान्य असलेला घ्या आणि नंतर वेट डिस्ट्रिब्यूशन नव्याने लावून घ्या.

रिसीव्हरमध्ये घालायचा एक्स्टेंडर (लांबी वाढवणारा जोड) मी कुणालाही सुचवत नाही. त्याने रिसीव्हरची क्षमता कमी होते, आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिचसोबत तो वापरू नका असं अनेक हिच कंपन्या स्वतःच सांगतात. टेलगेट उघडण्याच्या सोयीसाठी हायवेवरची स्थिरता द्यायची नाही, याबाबत मी ठाम आहे.

तितकंच ठाम बॉलच्या उंचीबद्दल. बॉल एक-दोन छिद्रं खाली घेतला की जॅकचं डोकंही खाली जातं, हे बरोबर. पण ती उंची ट्रेलर सपाट राहावा म्हणून ठरलेली असते. पाणसळ ट्रेलरच्या फ्रेमवर ठेवा. ट्रेलर नाक वर करून चालत असेल तर बॉल खाली घेणं मुळातच योग्य आहे आणि टेलगेटला जागा मिळणं हा वरचा फायदा. ट्रेलर आधीच सपाट असेल तर बॉलला हात लावू नका. नाक फार खाली गेलं की दुहेरी ॲक्सलच्या ट्रेलरमध्ये पुढच्या चाकांवर जास्त भार येतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

- जॅक फ्रेमला वेल्ड केलेला आहे, किंवा तो हलवायला फ्रेम कापावी, भोक पाडावं वा वेल्डिंग करावं लागणार आहे. ए-फ्रेमवर सगळा ट्रेलर ओढला जातो. हे काम ट्रेलरच्या फ्रेमचं वेल्डिंग नेहमी करणाऱ्याचंच.
- बोल्टची छिद्रं लांबट झाली आहेत, खालच्या पट्टीला चीर आहे किंवा ती वाकली आहे. वरचा रंग फुटून गंजाची रेघ दिसत असेल तर ती चीरच समजा.
- धडक बसल्यावर जॅकची नळी वाकली आहे, किंवा आत-बाहेर होताना करकरते आणि अडते. असा जॅक भाराखाली सुटू शकतो. त्यावर ट्रेलर उभा करू नका.
- शँक बदलल्यावर ट्रेलर डोलतोय किंवा ट्रकचं स्टिअरिंग हलकं लागतंय. वेग कमी करा, जवळच्या हिचच्या दुकानात जा आणि स्प्रिंग बार त्यांच्याकडून लावून घ्या.
- नवा फ्यूज लगेच जळतोय. वायर बहुधा कुठेतरी फ्रेमला घासून उघडी पडली असेल.
- टेलगेट वाकून लॅच पक्की बसत नाही, किंवा कॅमेऱ्याचं चित्र तिरकं येतंय. लॅच न बसलेलं टेलगेट रस्त्यात उघडून जॅकवर पडेल. दुरुस्तीपर्यंत ते काढून ठेवा किंवा रॅचेट पट्ट्याने बांधूनच निघा.

आरव्हीची, म्हणजे अशा राहायच्या ट्रेलरची आणि गाड्यांची, कामं करणारा फिरता मेकॅनिक साइटवर येऊन जॅक बदलून देतो, पण वेल्डिंग आणि हिचची मांडणी सहसा दुकानातच होते. फोन करण्याआधी वरची चारही मापं आणि ट्रक-ट्रेलर जोडलेल्या स्थितीतला बाजूने काढलेला एक फोटो तयार ठेवा. कोणता जॅक बसेल, की जॅक बदलून उपयोगच नाही, हे ते पाहून तो फोनवरच सांगू शकेल.